बहात्तर तास

नियम मीच टाइप केला, मार्चमध्ये,
लाइट ये-जा करत असताना:
"वसाहतीच्या अंतर्गत रस्त्यावर
स्वतःचे इंजिन नसलेले कोणतेही वाहन
एका जागी बहात्तर तासांपेक्षा जास्त
उभे राहणार नाही."
खाली सेक्रेटरी म्हणून सही, अन् शिक्का,
त्याला शाई जरा जास्तच झालेली.

नाव कुणाचं घातलं नव्हतं.
पण आमच्या अख्ख्या लेआउटमध्ये
इंजिन नसलेलं वाहन एकच,
चौदा नंबरच्या प्लॉटपुढं,
विश्वंभर टेकाळेंचं.

परभणीच्या एसटी वर्कशॉपात बत्तीस वर्षं काढली माणसानं.
रिटायर झाल्यावर पाथरीकडून उसाची जुनी ट्रॉली आणली,
तिच्यावर पत्र्याचं घर चढवलं.
खिडक्या भंगारातल्या बसच्या,
एकीवर अजून लिहिलेलं: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.
आत दिवाण, शेगडी,
खुंटीला कुशावर्ताबाईंची पिशवी, पिशवीत देव.
ट्रॅक्टर भाड्यानं लावायचा अन् निघायचं,
आधी माहूर, मग जमेल तसं समुद्रापर्यंत.
समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता.

ट्रॅक्टर काही ठरेना.
कधी डिझेल महाग, कधी बाईंचे गुडघे,
कधी पोरीचं बाळंतपण.
ट्रॉलीखाली कुत्री व्याली.
भालेरावांची स्कॉर्पिओ वळेना.

महापालिकेचा माणूस आला, फायल काखेत.
"घर असंल तर घरपट्टी लावतो,
गाडी असंल तर नंबर दाखवा."
टेकाळे म्हणाले, "दोन्ही नाही साहेब.
निघायची तयारी हाय ही."
त्यासाठी फायलीत रकाना नव्हता.

मग नियम लागू झाला.
तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला
टेकाळेंनी चाकाखालच्या विटा काढल्या,
गल्लीतली पोरं मागं लावली
आणि ट्रॉली सरकवली.
मी खडू अन् टेप घेऊन गेलो. अकरा फूट.
किती फुटांवर जागा बदलते,
हे मी नियमात लिहिलंच नव्हतं.

आतून आवाज आला, "कोणतं गाव आलं हो?"
टेकाळेंनी दुधगावकरांच्या कुंपणाकडं पाहिलं.
"लिंबाचं."
त्या दिवशी बाईंनी दोन लिंबं मागून घेतली
अन् परगावी आल्यासारखं
दुधगावकरीणबाईला विचारलं,
इकडं बाजार कोणत्या वारी असतो.

असं सुरू झालं.
लिंबाच्या गावाहून शिलाई मशीनचं गाव,
तिथून रात्रभर खोकणाऱ्या म्हाताऱ्याचं.
भालेराव सगळ्यात जोरानं ढकलायचे,
आपलं गेट लवकर मागं पडावं म्हणून.
तेवढी तीन मुक्कामं
ट्रॉली भलतीच लांब लांब गेली.

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात
ती माझ्या दारापुढं आली.
मी खडू घेऊन उभा.
खिडकी सरकली.
"हे कोणतं गाव?"
टेकाळेंनी माझ्या घराकडं पाहिलं.
झाड नाही. कुंडी नाही. गेटवर पाटी,
पाटीवर भेटीची वेळ.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
"हापशाचं," मीच म्हणालो.
कोपऱ्यात आहे एक, आठ वर्षांपासून कोरडा.
"मग पाणी भरून घ्या," बाई आतून म्हणाल्या,
आणि बादली बाहेर आली.

मी ती घरात नेली, नळाखाली भरली,
तशीच आणून दिली.
"गोड हाय," त्या म्हणाल्या.
"पुढं खारंच लागंल आता."

बहात्तरावा तास रात्री कधीतरी सरला.
सकाळी पोरं आली नाहीत, सहामाही होती.
भालेरावांचा अर्ज मात्र आला:
सेक्रेटरीच्याच दारात नियमभंग, कारवाई व्हावी.
मी त्यावर "प्राप्त" असा शिक्का मारला,
तारीख घातली,
आणि मागच्या अंगणातून एक वीट आणून
उताराकडच्या चाकाखाली
नीट बसवली.